इंग्रजी वाक्यात ‘वेळेवर’, ‘हाताने’, ‘सोमवारपर्यंत’ कुठं बसवायचं? कोल्हापूरकर नवशिक्यांसाठी

शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत डिस्पॅचला नव्याने लागलेला मुलगा, चप्पल लाईनमध्ये परदेशी गिऱ्हाइकाला चप्पल दाखवणारी ताई, शिवाजी विद्यापीठात सेमिनार द्यायला उभी राहिलेली विद्यार्थिनी, या सगळ्यांची इंग्रजीतली अडचण बऱ्याचदा एकच असते. शब्द माहीत असतात, काळही बऱ्यापैकी जमतात. पण ‘वेळेवर’, ‘हाताने’, ‘अगदी नीट’, ‘अजून’, ‘सोमवारपर्यंत’ हे तुकडे वाक्यात कुठं टाकायचे आणि कुठल्या क्रियापदाबरोबर कुठला तुकडा चालतो, तिथं गाडी अडते. मग ते सुचतील तिथं पडतात. बोलताना समोरचा सांभाळून घेतो, पण धंद्याच्या ईमेलमध्ये चुकीचा अर्थ पोचतो.

या तुकड्यांना व्याकरणात क्रियाविशेषण किंवा ॲडव्हर्ब फ्रेज म्हणतात. नाव पाठ नसलं तरी चालेल. क्रिया कशी, कुठं, कधी, किती वेळा झाली हे सांगणारा तुकडा, एवढं ध्यानात ठेवा. खालची इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती मोठ्याने वाचा. ही गोष्ट नियमापेक्षा कानाने लवकर येते.

पायरी १: क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काहीही घालू नका

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि क्रिया कशी झाली हे सांगणारा शब्द त्याला खेटून बसतो. ‘ती इंग्रजी छान बोलते.’ ‘मला मिसळ खूप आवडते.’ तीच सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि तोंडून निघतं, ‘शी स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश’ किंवा ‘आय लाइक व्हेरी मच मिसळ’.

इंग्रजीला हे चालत नाही. तिथं क्रियापदाच्या पाठोपाठ कर्म हवं. मधली जागा कुणालाच मिळत नाही. ‘शी स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल.’ ‘आय लाइक मिसळ व्हेरी मच.’ या लेखातला एकच नियम लक्षात ठेवायचा म्हटलं तर मी हाच सांगेन, कारण मराठी माणसाच्या इंग्रजीत ही चूक सर्रास दिसते.

चप्पल लाईनमधलंच उदाहरण घ्या. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गिऱ्हाईक विचारतं, ही मशीनवर होते का? तुम्हाला सांगायचंय, कारागीर चपलेचा तळ हातानेच शिवतात. ‘दे स्टिच बाय हँड द सोल’ म्हणू नका. ‘दे स्टिच द सोल बाय हँड.’ पारंपरिक चपलेला खिळे नसतात, तेही जोडायचं असेल तर शेवटी जोडा: ‘दे स्टिच द सोल बाय हँड, विदाउट नेल्स.’ स्टिच, मग सोल, मग बाकीचं.

एक सवलत आहे. कर्म फारच लांबलचक असेल, म्हणजे ते स्वतःच एक छोटं वाक्य असेल, तर तुकडा आधी येऊ शकतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे बघायला गेलात आणि तिथल्या माणसाने ते कसे चालतात हे सविस्तर सांगितलं, तर ‘ही एक्स्प्लेन्ड इन डिटेल हाऊ द गेट्स वर्क’ हे वाक्य चांगलं आहे. ‘इन डिटेल’ शेवटी नेलं असतं तर दरवाजे सविस्तर चालतात असं वाटलं असतं.

पायरी २: उरलेल्या तुकड्यांचा क्रम आरशात बघा

मराठी वाक्य शांतपणे, कशावरही जोर न देता म्हटलं तर त्याचा क्रम बहुधा असा असतो: आधी कधी, मग कुठं, मग कसं आणि शेवटी क्रियापद.

‘सर काल सभागृहात सविस्तर बोलले.’

आता शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत जा. बोलले, सविस्तर, सभागृहात, काल. इंग्रजी वाक्य तयार झालं: ‘सर स्पोक इन डिटेल इन द हॉल येस्टर्डे.’ क्रियापदाच्या जवळचा तुकडा इंग्रजीतही जवळच राहिला आणि लांबचा लांबच राहिला. फक्त बाजू बदलली.

शाळेत ‘आधी रीत, मग जागा, मग वेळ’ असा नियम शिकवतात. तो बरोबर आहे, पण जाण्यायेण्याच्या क्रियापदांना तो पुरत नाही. आरसा तिथंही चालतो. ‘तो काल एसटीने पुण्याला गेला.’ उलट वाचा: गेला, पुण्याला, एसटीने, काल. ‘ही वेंट टू पुणे बाय बस येस्टर्डे.’ इथं जागा रीतीच्या आधी आली, कारण ‘जाणे’ म्हटलं की कुठं जाणे हे त्याला सगळ्यात जवळचं. मराठीतही ‘पुण्याला गेला’ असं आपण जोडूनच म्हणतो.

तारीख, वार आणि पत्ता यांनाही हेच लागू. आपण ‘सोमवारी सकाळी दहा वाजता’ म्हणतो, मोठ्याकडून लहानाकडे. इंग्रजीत उलट: ‘ॲट टेन इन द मॉर्निंग ऑन मंडे’. आपण ‘कोल्हापुरात, राजारामपुरीत, आठव्या गल्लीत’ म्हणतो. इंग्रजी आठव्या गल्लीपासून सुरू होऊन कोल्हापूरला येऊन थांबते. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता असाच असतो, म्हणजे हा क्रम तुमच्या डोळ्यांना ओळखीचाच आहे.

वेळेचा तुकडा सुरुवातीलाही चालतो, विशेषतः पुढची दोनतीन वाक्यं त्याच काळाबद्दल असतील तेव्हा. ‘इन ऑगस्ट 2019, इट रेन्ड हेविली फॉर सेव्हरल डेज. द पंचगंगा रोझ रॅपिडली. द हायवे निअर शिरोली वॉज क्लोज्ड.’ ऑगस्ट एकदाच, सगळ्यांच्या आधी सांगून टाकला. रीतीचा तुकडा मात्र उगाच पुढं आणू नका. ‘बाय हँड दे स्टिच द सोल’ हे व्याकरणात मोडत नाही, पण गिऱ्हाइकाला ऐकायला विचित्र वाटतं.

पायरी ३: मधे बसणारे एकटे शब्द

काही शब्द सहसा शेवटी जात नाहीत, वाक्याच्या पोटात बसतात. ऑलवेज, यूज्वली, ऑफन, नेव्हर, ऑलरेडी, स्टिल, जस्ट, प्रॉबेब्ली हे त्यातले रोजचे.

जागा ठरलेली आहे. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: ‘आय यूज्वली टेक द केएमटी बस.’ ॲम, इज, आर, वॉज, वेअर असेल तर त्याच्या नंतर: ‘शी इज ऑलवेज ऑन टाइम.’ हॅव, विल, कॅन असं सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकाच्या नंतर: ‘वी हॅव ऑलरेडी डिस्पॅच्ड द मटेरियल.’ दोन सहायक आले तरी पहिल्याच्याच मागं: ‘दीज पार्ट्स हॅव नेव्हर बीन टेस्टेड.’

मग ‘आठवड्यातून दोनदा’, ‘दररोज’, ‘अधूनमधून’ कुठं जाणार? तेही किती वेळा हेच सांगतात, पण इंग्रजीत ते अनेक शब्दांचे होतात आणि अनेक शब्दांचा तुकडा सहसा शेवटी जातो. ‘आय ट्वाइस अ वीक गो टू रंकाळा’ नाही. ‘आय गो टू रंकाळा ट्वाइस अ वीक.’ ‘वी मीट फ्रॉम टाइम टू टाइम.’ एकटा शब्द मधे, जोडशब्द शेवटी, असं धरून चाला. ‘ऑलमोस्ट ऑलवेज’ आणि ‘हार्डली एव्हर’ दोन शब्दांचे असूनही मधेच बसतात, आणि ‘डेली’, ‘येस्टर्डे’ एका शब्दाचे असूनही शेवटी. एवढे अपवाद वाचता वाचता अंगवळणी पडतात.

पायरी ४: कुठल्या क्रियापदाला कुठला तुकडा

जागा बरोबर असली तरी जोडी चुकली की वाक्य परकं वाटतं. आपल्याकडे पाऊस ‘मुसळधार’ पडतो आणि झोप ‘गाढ’ लागते. गाढ पाऊस कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही अशा ठरलेल्या जोड्या आहेत आणि त्या तर्काने काढता येत नाहीत, जोडीनेच लक्षात ठेवाव्या लागतात. पाऊस ‘हेविली’ पडतो, म्हणून ‘इट रेन्ड हेविली’. वाऱ्याला मात्र ‘स्ट्राँगली’: ‘द विंड ब्लू स्ट्राँगली’. गाढ झोप ‘साउंडली’: ‘द बेबी स्लेप्ट साउंडली’. पाणी झपाट्याने चढलं तर ‘रोझ रॅपिडली’, हळूहळू ओसरलं तर ‘रिसीडेड स्लोली’.

ऑफिसात लागणाऱ्या जोड्या आधी पक्क्या करा, कारण त्या रोज वापरात येतात. पैसे देण्याचं क्रियापद ‘पे’. आगाऊ दिले तर ‘पे इन ॲडव्हान्स’, रोख दिले तर ‘पे इन कॅश’, हप्त्याने दिले तर ‘पे इन इन्स्टॉलमेंट्स’. एखादी गोष्ट लेखी पक्की केली तर ‘कन्फर्म इन रायटिंग’. स्वतः हजर राहून अर्ज केला तर ‘अप्लाय इन पर्सन’, आणि संगणकावरून केला तर नुसतं ‘अप्लाय ऑनलाइन’. इथं ‘थ्रू ऑनलाइन’ किंवा ‘बाय ऑनलाइन’ नको. फोनवर बोललो तर ‘वी स्पोक ओव्हर द फोन’. चुकून फाइल उडाली तर ‘आय डिलीटेड द फाइल बाय मिस्टेक’, आणि मुद्दाम केलेलं ‘ऑन पर्पज’. पाठ केलेलं ‘लर्न्ट बाय हार्ट’. काळजीपूर्वक तपासलं तर ‘चेक केअरफुली’, आणि काही शिल्लक न ठेवता तपासलं तर ‘चेक थरोली’.

दुसरा गट मनातल्या क्रियांचा. इथं जोर देणारा शब्द क्रियापदाच्या आधी बसतो. ‘आय कम्प्लीटली फरगॉट.’ ‘आय फुली अंडरस्टँड युअर प्रॉब्लेम.’ ‘आय स्ट्राँगली रेकमेंड धिस शॉप.’ ‘वी सिन्सिअर्ली अपॉलोजाइझ फॉर द डिले.’ ‘वी बॅडली नीड टू मोअर ऑपरेटर्स.’ शेवटच्या वाक्यात ‘बॅडली’चा अर्थ ‘वाईट’ नव्हे, ‘अगदी नितांत’ असा आहे. आपण प्रत्येक ठिकाणी ‘व्हेरी मच’ लावून मोकळे होतो. ‘लाइक’ आणि ‘थँक’ला ते शोभतं, पण ‘फरगॉट व्हेरी मच’ म्हणत नाहीत. आणि ‘स्ट्राँगली लाइक’ही नाही. तिथं ‘रिअली लाइक’ म्हणा.

आता तीन फसव्या जोड्या. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने आणि ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. ‘ही वर्क्स हार्ड’ ही शाबासकी, ‘ही हार्डली वर्क्स’ ही तक्रार. शिफारसपत्रात हा शब्द चुकला तर मुलाची नोकरी जाऊ शकते, म्हणून इथं दोनदा बघा. तसंच ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ आणि ‘निअर्ली’ म्हणजे जवळजवळ. शेवटी ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण झालं हा समज सोडा. ‘फास्ट’ला ‘ली’ लागतच नाही, आणि ‘फ्रेंडली’ तर विशेषण आहे. ‘तो आपुलकीने बोलला’ हे ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ असं होतं.

‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांचाही घोळ होतो. ठरलेल्या वेळेला म्हणजे ‘ऑन टाइम’: ‘द ट्रेन लेफ्ट ऑन टाइम.’ काही बिघडायच्या आत म्हणजे ‘इन टाइम’: ‘दे मूव्ह्ड द कॅटल इन टाइम’, पाणी चढायच्या आत जनावरं हलवली.

‘घरी’, ‘इथं’, ‘तिथं’, ‘परदेशी’ यांच्यापुढं ‘टू’ नको. ‘आय वेंट होम.’ ‘कम हिअर.’ ‘शी वेंट अब्रॉड.’

पायरी ५: वेळेचा तुकडा क्रियापदाचं रूप ठरवतो

हा सगळ्यात महागात पडणारा भाग आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

मराठीत ‘शुक्रवारपर्यंत’ हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ म्हणजे तोवर थांबत राहा. ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवा’ म्हणजे शुक्रवार उलटायच्या आत एकदा पाठवून मोकळे व्हा. इंग्रजीत याला दोन वेगळे शब्द आहेत. चालू राहणाऱ्या क्रियेला ‘अन्टिल’, एकदाच होऊन संपणाऱ्या क्रियेला ‘बाय’. वेट, स्टे, कीप यांना ‘अन्टिल’. सेंड, फिनिश, सबमिट, डिस्पॅच यांना ‘बाय’.

समजा कास्टिंगच्या ऑर्डरबद्दल बाहेरच्या गिऱ्हाइकाला तुम्ही लिहिलं, ‘वी विल डिस्पॅच द कास्टिंग्ज अन्टिल फ्रायडे.’ तुमच्या मनात, शुक्रवारच्या आत माल निघेल. वाचणाऱ्याला कळतं, शुक्रवारपर्यंत हे लोक माल पाठवत राहतील आणि मग बंद करतील. तो गोंधळून उलट ईमेल करतो आणि त्यात एक दिवस जातो. ‘वी विल डिस्पॅच द कास्टिंग्ज बाय फ्रायडे’ लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

दुसरी जोडी ‘पासून’ची. ‘मी तीन वर्षांपासून इथं काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम थ्री इयर्स’ होत नाही. किती काळ हे सांगायचं असेल तर ‘फॉर’, कधी सुरू झालं हे सांगायचं असेल तर ‘सिन्स’. आणि सुरू झालेलं काम अजून चालू असल्यामुळे क्रियापद ‘हॅव बीन’चं रूप घेतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’, किंवा ‘सिन्स 2022’. मुलाखतीत हे वाक्य हमखास लागतं, तोंडपाठ करून जा.

बाकीचं भरभर. ‘येस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’ आले की साधा भूतकाळ: ‘आय सेंट इट टू डेज अगो.’ इथं ‘हॅव सेंट’ चालत नाही. ‘सो फार’, म्हणजे आत्तापर्यंत, आलं की ‘हॅव’: ‘वी हॅव रिसीव्ह्ड टेन ऑर्डर्स सो फार.’ ‘अजून नाही’ला ‘येट’, तेही शेवटी: ‘द ट्रक हॅज नॉट अराइव्ह्ड येट.’ ‘या क्षणी’ला ‘ॲट द मोमेंट’ आणि ‘इंग’चं रूप: ‘शी इज टॉकिंग टू अ कस्टमर ॲट द मोमेंट.’

पायरी ६: मराठीतून आलेल्या सवयी ओळखा

‘टुडे मॉर्निंग’ नाही, ‘धिस मॉर्निंग’. ‘येस्टर्डे नाइट’ नाही, ‘लास्ट नाइट’. ‘बाय वॉक’ नाही, ‘ऑन फूट’. ‘बाय बस’ चालतं, पण ‘बाय माय कार’ नाही. माझ्या गाडीतून म्हणजे ‘इन माय कार’.

‘तिथंच’, ‘आजच’ यातला ‘च’ आपण ‘ओन्ली’ने भरून काढतो: ‘आय वॉज देअर ओन्ली.’ भारतात हे चालून जातं आणि त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पण बाहेरच्या वाचकाला त्याचा अर्थ ‘फक्त तिथंच, दुसरीकडे कुठंही नाही’ असा लागू शकतो. ‘आय वॉज राइट देअर’ म्हणा. ‘आजच पाठवतो’ला ‘आय विल सेंड इट टुडे’ पुरतं.

मराठीला शब्द दोनदा म्हणायची हौस आहे: हळूहळू, पटापट, एकेक, पुन्हापुन्हा. फार सुंदर सवय आहे, पण ती तशीच्या तशी नेली की ‘स्लोली स्लोली’, ‘फास्ट फास्ट’ होतं. हळूहळू बदल झाला तर ‘ग्रॅज्युअली’ किंवा ‘लिटल बाय लिटल’. एकेक करून म्हणजे ‘वन बाय वन’. पुन्हापुन्हा म्हणजे ‘अगेन अँड अगेन’. पटापट म्हणजे ‘क्विकली’.

पायरी ७: एक वाक्य पूर्ण करून बघा

‘आम्ही गेल्या आठवड्यात शिरोलीच्या कारखान्यात सगळे पार्ट हाताने काळजीपूर्वक तपासले.’

क्रियापद तपासले, कर्म सगळे पार्ट. ते आधी जोडून घ्या: ‘वी चेक्ड ऑल द पार्ट्स.’ आता उरलेलं शेवटाकडून वाचा: काळजीपूर्वक, हाताने, शिरोलीच्या कारखान्यात, गेल्या आठवड्यात. ‘वी चेक्ड ऑल द पार्ट्स केअरफुली बाय हँड ॲट द शिरोली फॅक्टरी लास्ट वीक.’ ‘लास्ट वीक’ आहे म्हणून ‘चेक्ड’, ‘हॅव चेक्ड’ नाही. वाक्य लांब वाटलं तर ‘लास्ट वीक’ सुरुवातीला न्या, बाकी काही हलवू नका.

अशी वाक्यं स्वतःच्या कामातून काढा: वहीतली नोंद, गिऱ्हाइकाचा निरोप, कारखान्यातली सूचना. आणि वहीत नवा शब्द लिहिताना एकटा लिहू नका. ‘ॲडव्हान्स’ नव्हे, ‘पे इन ॲडव्हान्स’. ‘डिटेल’ नव्हे, ‘एक्स्प्लेन इन डिटेल’. शब्दकोशात अर्थ सापडला की पान उलटू नका, खालची उदाहरणाची वाक्यं वाचा, कारण जोडी तिथं दिलेली असते. सुरुवात पायरी १ आणि ‘बाय’-‘अन्टिल’ यांच्यापासून करा. पाठवायच्या आधी प्रत्येक ईमेलमध्ये एवढ्या दोनच गोष्टी तपासल्या तरी पहिल्या महिन्याला पुरे आहे. मधे बसणारे शब्द आणि मनातल्या क्रियांच्या जोड्या त्यानंतर घ्या.